जुना कॉम्प्युटर रुसलाय? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी हे तपासा

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. तोवर मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती असलेली ही पद्धत अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले, जामखेड, पाथर्डी, श्रीगोंदा अशा तालुक्यांतही पोहोचली. २१ मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पोर्टल बंद पडलं. शेवटी २६ मेपासून नोंदणी नव्याने सुरू करावी लागली.

त्या दिवशी दोष पोर्टलचा होता. पण एरवी असा फॉर्म उघडला नाही की संशय जातो घरातल्या कॉम्प्युटरवर. एमएस-सीआयटीचा क्लास लावला तेव्हा घेतलेला, दहा-बारा वर्षांचा, विंडोज ७ किंवा विंडोज १० वर चालणारा कॉम्प्युटर आजही अनेक घरांत आहे. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, डिजिटल सहीचा सातबारा, निकालाची प्रिंट ही कामं त्याच्यावरच होतात. आणि तो अडला की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं : “फॉरमॅट मारावा लागेल.”

फॉरमॅट मारणं म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. त्यात पैसे जातात, वेळ जातो आणि आधी कॉपी करून ठेवलं नसेल तर लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, हिशेबाच्या फाइलीही जातात. खरं तर जुन्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या अनेक तक्रारींना फॉरमॅटची गरज नसते. आणि एक तक्रार अशी आहे, जी फॉरमॅट मारूनही सुटत नाही. कोणती अडचण कुठल्या प्रकारची आहे, हे ओळखता आलं की अर्धं काम होतं.

दोष नेमका कुठे आहे?

वेबसाइट उघडत नसेल तर आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, तीच साइट मोबाइलवर, मोबाइलच्या डेटावर उघडते का? तिथेही उघडत नसेल तर दोष साइटचा आहे. कॉम्प्युटरला हात लावू नका, थोडं थांबा.

दुसरी, कॉम्प्युटरवर बाकीच्या साइट उघडतात का? काहीच उघडत नसेल तर इंटरनेट, वायर किंवा राउटर तपासा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करणं हा साधा उपाय बऱ्याचदा पुरतो.

तिसरी, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष बरोबर आहे का? हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत बऱ्याचदा गडबड इथेच असते.

तारीख चुकली की साइट का उघडत नाही?

‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा संदेश येतो आणि बँकेची किंवा सरकारी साइट उघडतच नाही. अशा वेळी व्हायरस शिरला असावा, असा समज होतो. पण अनेकदा कारण असतं रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल.

कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवण्यासाठी मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक वेळा सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. काही वर्षांनी तो संपतो. मग वीजपुरवठा पूर्ण बंद झाला की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू होताना मदरबोर्ड बनला त्या सुमाराच्या वर्षात जाऊन बसतो.

याचा वेबसाइटशी संबंध काय? प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. एसटीच्या पासासारखंच म्हणा ना. कंडक्टरच्या कॅलेंडरवर २०१० साल असेल तर तुमचा आजचा पास त्याला ‘अजून सुरूच न झालेला’ वाटेल. ब्राउझरचंही तसंच होतं आणि तो साइट अडवतो.

तात्पुरता उपाय म्हणजे घड्याळावर क्लिक करून तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन बरोबर करणं. कायमचा उपाय म्हणजे सेल बदलणं. त्यासाठी वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेट उघडा आणि जुना सेल काढून तसाच नवा बसवा. ‘अधिक’ची खूण असलेली बाजू वर हवी.

मात्र त्याआधी एक काळजी घ्या. सेल काढल्यावर मदरबोर्डची सेटिंग, म्हणजे बायॉस, मूळपदावर जाऊ शकते. त्यात हार्ड डिस्क कुठल्या पद्धतीने वाचायची याचीही सेटिंग असते. ती बदलली तर विंडोज सुरू होताना निळा स्क्रीन येतो आणि चांगली डिस्क खराब झाल्यासारखी वाटते. म्हणून कॉम्प्युटर सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-२ दाबून बायॉस उघडा आणि त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गरज पडली तर सेटिंग पुन्हा तशीच लावता येते.

तारीख बरोबर आहे, तरी साइट उघडत नाही

मग वय झालंय ते ब्राउझरचं. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, ती जानेवारी २०२३ मध्ये आली. त्यानंतरचं क्रोम विंडोज १० किंवा त्यापुढच्या विंडोजवरच चालतं. इंटरनेट एक्सप्लोरर तर मायक्रोसॉफ्टनेच जून २०२२ मध्ये निवृत्त केला.

दुसरं कारण असतं विश्वासू संस्थांची यादी. वेबसाइटचं प्रमाणपत्र खरं की खोटं, हे ठरवताना कॉम्प्युटर आपल्याकडच्या यादीतल्या संस्थांवर भरवसा ठेवतो. ही यादीही जुनी होते. असंख्य साइट वापरतात त्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. ज्या जुन्या उपकरणांत यादी ताजी झालेली नव्हती, तिथे त्या दिवसापासून चांगल्या साइटही ‘असुरक्षित’ दिसू लागल्या.

अशा वेळी फायरफॉक्स कामाला येतो. तो विंडोजच्या यादीवर अवलंबून न राहता स्वतःची यादी सोबत आणतो. विंडोज ७ साठीची त्याची शेवटची आवृत्ती म्हणजे ११५ ईएसआर. तिच्या सुरक्षा अपडेटची मुदत मोझिलाने नंतर अनेकदा वाढवली. ही आवृत्ती मोझिलाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करून इशारा ओलांडायची सोय ब्राउझर देतो. बँक, आधार किंवा पासवर्ड लागणाऱ्या कुठल्याही साइटवर ती वापरू नका.

लाइट गेली आणि विंडोज सुरूच होईना

गावठाणापासून लांब वस्तीवर राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. काम चालू असताना लाइट जाते, परत येते आणि कॉम्प्युटर काळ्या स्क्रीनवर अडकतो. डिस्कवर लिहिण्याचं काम अर्धवट राहिलं की फाइलींची नोंदवही बिघडते. डिस्क खराब झालेलीच असते असं नाही.

पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासू लागली तर ती तपासणी मध्येच तोडू नका. तास-दोन तासही लागू शकतात. तरीही सुरू झालं नाही तर विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ-८ वारंवार दाबा. येणाऱ्या यादीत ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’, ‘सेफ मोड’ आणि ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ हे पर्याय असतात. विंडोज १० मध्ये एफ-८ सहसा चालत नाही. तिथे सुरू होण्याचा प्रयत्न दोन-तीनदा फसला की दुरुस्तीचा स्क्रीन आपोआप येतो. त्यात ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि ‘सिस्टिम रिस्टोअर’ निवडता येतं. सिस्टिम रिस्टोअरमुळे विंडोज काही दिवस मागच्या स्थितीत जाते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात पुसली जात नाहीत, पण मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जाऊ शकतात.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर मात्र दुरुस्तीचा कुठलाही प्रयोग करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तपासणी चालवली तर उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा, बाकीचं नंतर.

लाइटचा भरवसा नसलेल्या घरात डेस्कटॉपला छोटा यूपीएस हवाच. तो तासभर काम करण्यासाठी नसतो, कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळावीत म्हणून असतो.

पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

बटण दाबल्यावर पंखा फिरतो, बीप वाजतात, स्क्रीन काळाच राहतो. अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्या. धूळ आणि दमटपणामुळे रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो आणि संपर्क तुटतो. वायर काढून, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅम बाहेर काढा, तिची पट्टी स्वच्छ खोडरबरने हलकेच पुसा आणि ‘कट’ आवाज येईपर्यंत नीट बसवा. दुरुस्ती करणारे अनेकदा सुरुवात यानेच करतात.

कॉम्प्युटर सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर तो तापतोय. उन्हाळ्यात ही तक्रार वाढते. प्रोसेसरवरच्या पंख्यात साचलेली धूळ मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरायचा तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. एवढ्यावर भागलं नाही तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी लागते. ते काम दुकानातून करून घेतलेलं बरं. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठलेली असते.

कॉम्प्युटर रेंगाळतो, काय करायचं?

आधी सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली आहे ते बघा. ती जवळजवळ भरली असेल तर विंडोजला श्वास घ्यायलाही जागा राहत नाही. ‘डिस्क क्लीनअप’ चालवा, रिसायकल बिन रिकामा करा, व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा. डिस्क क्लीनअपच्या यादीत ‘डाउनलोड्स’वर टिक असेल तर ती काढा, नाहीतर तिथे ठेवलेली कागदपत्रंही पुसली जातील.

मग सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम कमी करा. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून ‘स्टार्टअप’ हा भाग उघडा. विंडोज ७ मध्ये हीच यादी ‘एमएस-कॉन्फिग’मध्ये मिळते. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढून टाका. दोघे एकमेकांच्या कामात पाय घालतात.

एवढं करूनही फरक पडला नाही तर अडचण बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की दहा वर्षांचा कॉम्प्युटरही स्पष्टपणे वेगवान होतो. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, एसएसडीवर घेता येते. त्यासाठीही फॉरमॅट लागत नाही.

रॅम वाढवण्याआधी ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. तिथे ३२-बिट लिहिलं असेल तर घरगुती विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही. ८ जीबी टाकली तरी वरची रॅम वाया जाते.

मराठीच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं

ही तक्रार दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर ती फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की मागचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल बिघडलेली नसते. तोच फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. ऑनलाइन अर्जात मराठी भरायचं तर युनिकोडच लागतं.

मराठीत मध्येच रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्टमध्ये ते अक्षरच नसतं. उदाहरणार्थ, ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. विंडोज एक्सपी त्याआधीची, २००१ ची. त्यामुळे तिच्या मूळ मंगल फॉन्टला हे अक्षर माहीत नाही. देवनागरीचा नवा युनिकोड फॉन्ट टाकला की चौकोन जातात.

टायपिंगसाठी विंडोज ७ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट की-बोर्ड आधीपासून आहे, फक्त कंट्रोल पॅनलमधून चालू करावा लागतो. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटनंतर उच्चारानुसार टाइप करायचा मराठी की-बोर्डही आला. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

फॉरमॅट मारूनही न सुटणारी अडचण

आतापर्यंतच्या अडचणी दिसतात, म्हणून त्या दुरुस्त करता येतात. सगळ्यात गंभीर अडचण दिसतच नाही. कॉम्प्युटर व्यवस्थित चालत असतो, पण त्याची राखण करणारं कुणी उरलेलं नसतं.

विंडोजमध्ये नव्या त्रुटी सापडत राहतात आणि मायक्रोसॉफ्ट अपडेट पाठवून त्या बुजवते. ही सोय एका तारखेला थांबते. एक्सपीसाठी ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० ला, विंडोज ८.१ साठी १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच राहतात. विंडोज ७ पुन्हा टाकली तरी तीच भोकं परत येतात.

याचा अर्थ काय होतो, हे २०१७ मध्ये दिसलं. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं. सापडले ते अपडेट न केलेले कॉम्प्युटर, आणि त्यात बहुसंख्य विंडोज ७ चे होते. पुढच्याच महिन्यात तीच त्रुटी वापरणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं.

विंडोज फुकट चालू करून देणारा ‘क्रॅक’ हाही असाच धोका आहे. ‘धिस कॉपी ऑफ विंडोज इज नॉट जेन्युइन’ असा संदेश येऊन डेस्कटॉप काळा झाला तर घाबरू नका, फाइली जागेवरच असतात. पण तो संदेश घालवायला कुठूनतरी आणलेला क्रॅक चालवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणं आहे.

मग जुना कॉम्प्युटर भंगारात घालायचा का?

नाही. पण त्याला कुठलं काम द्यायचं, हे ठरवावं लागेल.

विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना आहे. तिच्यात नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढी रक्कम भरावी लागते. नोंदणीचा पर्याय सेटिंगमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये दिसतो.

विंडोज ११ टाकायची तर कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर यात बसत नाहीत.

तिसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंट फुकट आहे, तिला अपडेट मिळतात आणि ब्राउझर ताजा राहतो. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्सही आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, कॉम्प्युटरवर काही न टाकता लिनक्स वापरून बघता येते. आपला प्रिंटर आणि वायफाय त्यावर चालतो का, ते तेव्हाच तपासा. विंडोजसाठीच बनलेली टॅली किंवा श्रीलिपी तिथे थेट चालणार नाही, हेही लक्षात ठेवा.

यातलं काहीच जमणार नसेल तर विंडोज ७ चा कॉम्प्युटर टायपिंग, जुने फोटो, गाणी, मुलांचा सराव यासाठी ठेवा. बँक, यूपीआय, आधार आणि ओटीपीची कामं अपडेट मिळणाऱ्या मोबाइलवर किंवा सेतू केंद्रात करा.

आणि स्क्रीनवर अचानक ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्टला फोन करा’ असा नंबर झळकला तर फोन करू नका. असे लोक फसवणूक करणारे असतात. एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावून ते कॉम्प्युटरचा ताबा घेतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

दुकानात नेण्याआधी

• अडचण कधी सुरू झाली आणि त्याआधी काय घडलं (लाइट गेली, नवा प्रोग्रॅम टाकला, कॉम्प्युटर हलवला) हे लिहून ठेवा. स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढा.

• फोटो, प्रमाणपत्रं आणि हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोज सुरू होत नसेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करूनही फाइली बहुधा काढता येतात.

• “फॉरमॅट मारावा लागेल” असं उत्तर आलं तर दोन प्रश्न विचारा : बिघाड नेमका कशात आहे, आणि माझा डेटा आधी कॉपी करून देणार का? पहिल्याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे दाखवा. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर कॉम्प्युटर तिथे ठेवू नका.